ऑफिसची ॲक्सेस फाईल एकालाच उघडते, बाकीच्यांना नाही: कुठून सुरुवात करायची

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस घ्या, सुताची पेढी घ्या, नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्याची गादी. हिशोबाला टॅली असते, पण तिच्या जोडीला आणखी एक फाईल असते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये कधीतरी कुणीतरी बनवून दिलेली. कुठल्या पार्टीचं कुठलं डिझाईन, किती डझन पॅक झाले, कुठल्या गाडीतून किती गाठी गेल्या, सगळं तिच्यात. बनवून देणारा पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही. फाईल मात्र रोज चालते.

मग एक दिवस अकाउंट्सला ती उघडते आणि डिस्पॅचला उघडत नाही. गाडी गेटवर उभी, चलन निघेना, आणि सगळे तुमच्याकडे बघतात, कारण ऑफिसात 'कॉम्प्युटरचं बघणारे' तुम्हीच. नेमणूक अशी कुणी केलेली नसते, पण प्रिंटरचा कागद एकदा काढून दिला की माणूस त्यात अडकतो. हा लेख अशा नव्याने अडकलेल्यांसाठी आहे.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: फाईल खराब झाली असं धरून लगेच 'रिपेअर' दाबू नका. बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते. अडलेलं असतं ते तिच्या आजूबाजूला: फोल्डरची परवानगी, नेटवर्क, किंवा कुणाच्या तरी स्क्रीनवर खाली दडलेली खिडकी. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. फाईलला हात शेवटी लावायचा.

ज्या कॉम्प्युटरवर ती फाईल ठेवलेली आहे त्याला मी इथे 'सर्व्हर' म्हणतोय. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत तो अकाउंटंटचा साधा विंडोज कॉम्प्युटरच असतो. त्यानेही हेच काम भागतं.

हाताशी काय हवं

- सर्व्हरचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. हा कुणाकडे आहे ते आज, सगळं सुरळीत असतानाच विचारून ठेवा.
- सर्व्हरचं नेटवर्कवरचं नाव, त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) आणि शेअर केलेल्या फोल्डरचा पूर्ण मार्ग.
- कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसतं, त्या कॉम्प्युटरचं नाव आणि त्यावर ॲक्सेसची कुठली आवृत्ती आहे, याची एक पानी यादी.
- फाईलची ताजी प्रत ठेवायला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क.
- चालू स्थितीतली एक जादा नेटवर्क केबल.
- वही. गंमत नाही, कुणी काय बदललं हे दुपारपर्यंत कुणालाच आठवत नाही.

१. मेसेज जसाच्या तसा टिपून घ्या

'उघडत नाहीये' यावरून काहीच कळत नाही. जागेवर जा, पुन्हा उघडायला सांगा आणि स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. पुढचं निम्मं काम तो मेसेजच करतो.

'फाईल ऑलरेडी इन यूज' किंवा 'ओपन्ड एक्सक्लुझिव्हली बाय अनदर युजर' असं काही असेल, तर कुणीतरी फाईल एकट्याने धरून ठेवली आहे, किंवा फोल्डरची परवानगी अपुरी आहे. पायरी ४ ते ६ बघा.

'द डेटाबेस हॅज बीन प्लेस्ड इन अ स्टेट बाय युजर ॲडमिन ऑन मशीन...' असा लांबलचक मेसेज आला तर खूश व्हा, कारण त्यात दोषी कॉम्प्युटरचं नाव लिहिलेलं असतं. 'ॲडमिन' वाचून मालकांकडे बघू नका. ॲक्सेसमध्ये वेगळी सुरक्षा लावली नसेल तर प्रत्येक जण आत 'ॲडमिन' याच नावाने असतो. कामाचं आहे ते मशीनचं नाव.

'कुड नॉट लॉक फाईल' हा जवळपास नेहमी परवानगीचा मामला. सरळ पायरी ५ वर जा.

फोल्डरच सापडत नाही, 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड' किंवा 'नॉट अ व्हॅलिड पाथ' म्हणतंय, तर ॲक्सेसचा काही संबंध नाही. पायरी ३.

'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' किंवा 'इनकन्सिस्टंट स्टेट' आलं, तरच फाईलच्या तब्येतीची शंका घ्या, आणि तेव्हाही आधी सगळ्यांना काम थांबवायला सांगा.

२. कुणाला उघडतंय, कुणाला नाही?

प्रत्येक टेबलावर जाऊन विचारा. उत्तर तीनपैकी एक येतं.

कुणालाच उघडत नाही: सर्व्हर, नेटवर्क किंवा खुद्द फाईल.

जो पहिला उघडतो त्याला मिळते, नंतरच्यांना नाही, आणि पहिला बाहेर पडला की दुसऱ्या कुणाला तरी मिळते: एक्सक्लुझिव्ह (म्हणजे एकट्यापुरती उघडलेली फाईल) किंवा फोल्डरची परवानगी. सगळ्यात जास्त वेळा हेच असतं.

एकालाच उघडत नाही, बाकी सगळे सुखात: त्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये बघा. त्याचा पासवर्ड बदललाय, केबल सैल आहे, ॲक्सेस जुनं आहे किंवा त्याचा शॉर्टकट जुन्या मार्गाकडे बोट दाखवतोय.

हा फरक कळेपर्यंत काहीही बदलू नका. सगळे कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघू, असं कुणीतरी म्हणेलच. त्याने कधी कधी सुटतंही, पण कशामुळे सुटलं ते कळत नाही, आणि पुढच्या सोमवारी तेच पुन्हा.

३. सर्व्हरपर्यंत पोचताय का?

अडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, दोन उलटे स्लॅश टाकून सर्व्हरचं नाव लिहा आणि एंटर करा. शेअर केलेले फोल्डर दिसले तर नेटवर्क ठीक आहे, पुढच्या पायरीवर जा. नाही दिसले तर नावाऐवजी आयपी पत्ता टाकून बघा. आयपीने उघडलं आणि नावाने नाही, तर घोळ नाव शोधण्यात आहे. उलट झालं, म्हणजे नावाने उघडलं पण जुन्या शॉर्टकटमधल्या आयपीने नाही, तर पत्ता बदललाय.

हे दुसरं आपल्याकडे लाइट जाऊन आल्यावर हमखास होतं. राउटर बंद होऊन चालू होतो आणि सर्व्हरला नवा आयपी देऊन टाकतो. ज्यांचे शॉर्टकट आयपीवर बांधलेत ते सगळे एकदम अडकतात. उपाय: राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा राखून ठेवा, आणि शॉर्टकट नावावर बांधा.

सर्व्हरवर जाऊन आणखी तीन गोष्टी बघा. एक, तो झोपलाय का. पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' हे 'नेव्हर' करा. जेवणाच्या सुट्टीनंतर कुणालाच फाईल उघडत नसेल तर कारण बहुधा हेच. दोन, नेटवर्क प्रोफाईल 'पब्लिक' झालंय का. नवा राउटर बसवला किंवा मोठं अपडेट झालं की विंडोज कधी कधी ऑफिसच्या नेटवर्कला परकं समजतं आणि फायरवॉल शेअरिंग बंद करतं. ते 'प्रायव्हेट' करा. तीन, किती कॉम्प्युटर जोडलेत. साधं विंडोज १० किंवा ११ एका वेळी २० जोडण्याच स्वीकारतं. कारखाना वाढला, टेबलं वाढली, तर पुढच्याला 'नो मोअर कनेक्शन्स' असा मेसेज येतो. त्याला खऱ्या सर्व्हर आवृत्तीशिवाय इलाज नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर अडलं असेल तर त्याची वेगळी कथा आहे. त्या अपडेटने फाईल शेअरिंगचे नियम कडक केले: प्रो आवृत्तीत पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून आत जाणं बंद, आणि जोडणीच्या डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी सक्तीची. राउटरच्या यूएसबीला लावलेल्या डिस्कवर किंवा जुन्या नेटवर्क स्टोरेजवर फाईल ठेवली असेल तर नवीन कॉम्प्युटरना ती दिसेनाशी होते, जुन्यांना दिसते. नियम सैल करायचे मार्ग इंटरनेटवर मिळतात. माझं मत: ते करू नका. फाईल तिथून उचलून विंडोजच्या कॉम्प्युटरवर आणा.

४. लॉक फाईल वाचायला शिका

ॲक्सेसची फाईल पहिल्यांदा कुणी उघडली की त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची, एक छोटी फाईल आपोआप तयार होते. मुख्य फाईल एसीसीडीबी प्रकारची असेल तर हिच्या शेवटी एलएसीसीडीबी असतं; जुनी एमडीबी असेल तर एलडीबी. गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टरच समजा: कोण आत आहे याची नोंद इथे होते आणि त्यावरूनच ॲक्सेस ठरवतं की कुठली नोंद कुणासाठी अडवायची. शेवटचा माणूस बाहेर पडला की ही फाईल आपोआप पुसली जाते.

म्हणून सर्व्हरवर तो फोल्डर उघडा आणि बघा.

लॉक फाईल आहे? तिची प्रत डेस्कटॉपवर घेऊन नोटपॅडमध्ये उघडा. मधेमधे रिकाम्या जागा आणि चौकोन दिसतील, पण त्यात कॉम्प्युटरची नावं स्पष्ट वाचता येतात: 'डिस्पॅच-२', मग 'ॲडमिन', मग 'अकाउंट्स-१', मग पुन्हा 'ॲडमिन'. तुमच्या एक पानी यादीशी ताडून बघा. एक लक्षात ठेवा, बाहेर पडलेल्याचं नाव इथून लगेच खोडलं जात नाही. यादीत नाव आहे म्हणजे तो आत्ता आतच आहे असं नाही. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

कुणीतरी आत काम करतंय आणि तरी लॉक फाईलच नाही? मग त्या माणसाने फाईल एक्सक्लुझिव्ह उघडली आहे, किंवा त्याला या फोल्डरमध्ये नवीन फाईल बनवायची परवानगीच नाही.

सगळे बाहेर पडलेत आणि लॉक फाईल तशीच? कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ॲक्सेस अर्धवट मेलंय, किंवा लाइट गेल्यावर ती तशीच राहिली आहे, किंवा शेवटी बाहेर पडणाऱ्याला पुसायची परवानगी नाही. आता ती हाताने पुसून बघा. विंडोज 'वापरात आहे' म्हणत असेल तर जबरदस्ती करू नका. खरंच कुणीतरी आत आहे. पायरी ७.

५. फोल्डरची परवानगी: खरी गोम इथे

बहुतेक जण फाईलला परवानगी देतात आणि थांबतात. पण वर सांगितलं तसं, प्रत्येक वापरणाऱ्याच्या वतीने ॲक्सेसला त्या फोल्डरमध्ये लॉक फाईल बनवायची, तिच्यात लिहायची आणि नंतर पुसायची असते. म्हणजे परवानगी फोल्डरला हवी: वाचणं, लिहिणं, बनवणं, पुसणं. ज्याला फक्त वाचायची परवानगी आहे त्याच्याकडे फाईल एकतर 'रीड ओन्ली' उघडते, किंवा त्याने आधी उघडली तर बाकीच्यांचा रस्ता बंद होतो. शिकाऊ पोराने सकाळी लवकर येऊन नुसतं स्टॉक बघायला फाईल उघडावी आणि दहा वाजता अख्खं ऑफिस अडावं, असं यातूनच होतं.

तपासणी अगदी सोपी आहे. अडलेल्या कॉम्प्युटरवरून, त्याच माणसाच्या लॉगिनने, तो शेअर फोल्डर उघडा. तिथे नोटपॅडची एक रिकामी फाईल बनवा. तिचं नाव बदला. मग पुसा. तिन्ही झालं तर परवानगी ठीक आहे. एकही अडलं तर दोषी सापडला. ही तपासणी प्रत्येक कॉम्प्युटरवर करा, कारण ज्याच्यामुळे अडतंय तो आणि ज्याचं अडलंय तो हे दोघे वेगळे असू शकतात.

दुरुस्ती सर्व्हरवर करायची आणि ती दोन ठिकाणी. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग' टॅब, 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', 'परमिशन्स': इथे संबंधित लोकांना 'चेंज'वर खूण. दुसरं, तिथेच 'सिक्युरिटी' टॅबमध्ये त्याच लोकांना 'मॉडिफाय'. दोन्हींतलं जे कडक असेल तेच लागू होतं. म्हणून एकीकडे सगळं देऊन दुसरीकडे 'रीड' राहिलं तर काही उपयोग नाही. वैतागून 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' करू नका. 'मॉडिफाय' पुरतं.

आता यातले सापळे.

पिनचा सापळा: आजकाल सगळे चार-सहा आकडी पिन टाकून विंडोजमध्ये शिरतात. तो पिन त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. सर्व्हरने नाव-पासवर्ड विचारला तर पासवर्डच हवा. आणि सर्व्हरवर पासवर्ड न ठेवलेलं खातं असेल तर त्या नावाने नेटवर्कवरून आत जाता येत नाही. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाने पासवर्डासह एक साधं खातं काढा आणि फाईल वापरणाऱ्यांचा एक ग्रुप करून परवानगी त्या ग्रुपला द्या. नवीन माणूस आला की ग्रुपमध्ये टाकायचा, गेला की काढायचा.

जुन्या पासवर्डाचा सापळा: सर्व्हरवर कुणाचा पासवर्ड बदलला, पण त्याच्या कॉम्प्युटरने जुनाच लक्षात ठेवलाय. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन सर्व्हरच्या नावाची जुनी नोंद काढून टाका, मग नव्याने लॉगिन करा.

कट-पेस्टचा सापळा: हा भल्याभल्यांना कळत नाही. एखादी फाईल एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात 'कट' करून नेली की ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. 'कॉपी' केली की नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. डेस्कटॉपवर दुरुस्त केलेली फाईल शेअर फोल्डरमध्ये कट-पेस्ट केली की ज्याच्या डेस्कटॉपवरून आली तो सोडून कुणालाच उघडेना, हे त्यामुळे. नेहमी कॉपी-पेस्ट करा, मग डेस्कटॉपवरची बाजूला ठेवा.

६. कुणी एकट्याने उघडलंय का?

प्रत्येक कॉम्प्युटरवर ॲक्सेस उघडा: 'फाईल', 'ऑप्शन्स', 'क्लायंट सेटिंग्ज', खाली 'ॲडव्हान्स्ड'. 'डिफॉल्ट ओपन मोड' हे 'शेअर्ड' हवं. हे सेटिंग कॉम्प्युटरनिहाय असतं, त्यामुळे एकाच टेबलावर 'एक्सक्लुझिव्ह' राहिलं तरी सगळ्यांचं अडतं. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटी स्लॅश आणि 'ईएक्ससीएल' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर तीही काढा.

सेटिंग बरोबर असूनही एक गोष्ट उरते. कुणी फॉर्म किंवा रिपोर्ट 'डिझाईन व्ह्यू'मध्ये उघडून एखादा रकाना इकडचा तिकडे केला, की तेवढ्या काळासाठी ॲक्सेस अख्खी फाईल त्याच्या नावावर करतं. वर सांगितलेला 'प्लेस्ड इन अ स्टेट' मेसेज बहुधा याचाच. भरदिवसा डिझाईन बदलायचं नाही, हा नियम करून टाका. चलनावर जीएसटीचा रकाना रुंद करणं संध्याकाळपर्यंत थांबू शकतं.

७. अडवून बसलेला शोधा

सर्व्हरवर विंडोज आणि आर दाबून 'एफएसएमजीएमटी डॉट एमएससी' ही इंग्रजी अक्षरं टाका. 'शेअर्ड फोल्डर्स'ची खिडकी उघडते. 'ओपन फाईल्स'मध्ये तुमची फाईल कुणाच्या नावाने उघडी आहे ते दिसतं, 'सेशन्स'मध्ये कुठल्या कॉम्प्युटरवरून.

आता तिथूनच 'क्लोज ओपन फाईल' दाबायचा मोह होईल. दाबू नका. कुणी अर्धवट नोंद भरत असेल तर फाईल खरोखर बिघडते. उठून त्या टेबलाकडे जा. संवाद ठरलेला असतो.

'अण्णा, फाईल उघडी आहे का तुमच्याकडे?'
'नाही ओ, सकाळपासून हातच लावला नाही.'

अण्णा खोटं बोलत नाहीत. ती चार एक्सेल आणि व्हॉट्सॲपच्या मागे, काल संध्याकाळपासून खाली मिनिमाइज होऊन पडलेली असते. तसंही काही दिसलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये 'एमएसॲक्सेस' शोधा. खिडकी बंद दिसते पण प्रक्रिया मागे चालू असते, असं होतं. फाईल खरंच कुणी वापरत नाही ही खात्री झाल्यावर 'एंड टास्क'. त्यानंतर लॉक फाईल गेली का बघा.

८. आता फाईलची तब्येत

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि मेसेज 'अनरेकग्नाइज्ड'वाला असेल, तरच हे करायचं.

सगळ्यांना बाहेर काढा. लॉक फाईल गेली याची खात्री करा. मूळ फाईलची प्रत आजच्या तारखेच्या नावाने बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. आणखी एक प्रत कुठल्याही कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतीवर 'डेटाबेस टूल्स'मधलं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. नेटवर्कवरच्या चालू फाईलवर चालवू नका. मधेच केबल हलली तर उरलंसुरलंही जातं.

दुरुस्त फाईल उघडली की आनंदात लगेच सगळ्यांना देऊ नका. आत 'एमसिसकॉम्पॅक्टएरर्स' नावाचा टेबल (फाईलमधला नोंदींचा तक्ता) नव्याने आलाय का बघा. आला असेल तर दुरुस्तीत काही नोंदी नीट वाचता आलेल्या नाहीत. कालच्या शेवटच्या चार-पाच चलनांचे नंबर कागदी बुकाशी जुळवा. जुळले तर कॉपी-पेस्ट करून जागेवर ठेवा. रिपेअर जमलंच नाही तर नवी रिकामी ॲक्सेस फाईल उघडून 'एक्सटर्नल डेटा'मधून एकेक टेबल ओढून घ्या. जो टेबल अडतो तोच बिघडलाय, बाकीचे वाचतात. तेही नाही तर बॅकअप.

फाईलचा आकारही बघा. ॲक्सेसची एक फाईल २ जीबीच्या पुढे जात नाही. मालाचे फोटो फाईलच्या आतच चिकटवणारे तिथे लवकर पोचतात. फोटो फोल्डरमध्ये ठेवा, फाईलमध्ये फक्त त्यांचा मार्ग लिहा.

बिघाड वारंवार होत असेल तर संशय दोन गोष्टींवर. एक वाय-फाय. ॲक्सेसला क्षणभराचाही खंड सोसत नाही. ब्राउझरला जो वाय-फाय चांगला वाटतो तो याला पुरत नाही. शेडच्या पत्र्याआड बसलेल्या डिस्पॅचच्या टेबलापर्यंत केबलच ओढा. दुसरी गोष्ट लाइट. सगळ्या कॉम्प्युटरना यूपीएस असतो, पण भिंतीवरच्या कपाटातला नेटवर्क स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा) थेट लाइटच्या बोर्डात असतो. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतात आणि त्यांच्यामधला रस्ता तुटतो, तोही ऐन लिहिण्याच्या क्षणी. उन्हाळ्यात ट्रिपिंग वाढलं की फाईल का बिघडते याचं उत्तर पुष्कळदा त्या स्विचच्या पिनमध्ये असतं. त्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

९. पुन्हा होऊ नये म्हणून फाईल दोन भागांत करा

एकच फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी तीच उघडायची, हीच मुळात चुकीची मांडणी आहे. टेबल एका फाईलमध्ये आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये हवेत. पहिली सर्व्हरवर राहते, तिला बॅक एंड म्हणतात. दुसरी, म्हणजे फ्रंट एंड, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्र.

कुणी नसताना, बॅकअप घेऊन, 'डेटाबेस टूल्स'मध्ये 'मूव्ह डेटा' गटातलं 'ॲक्सेस डेटाबेस' निवडा. विझार्ड वाटणी करून देतो. बॅक एंडची जागा विचारेल तेव्हा सर्व्हरचं नाव असलेला पूर्ण मार्ग द्या, झेड ड्राइव्ह वगैरे नको, कारण एकाकडे झेड असतो आणि दुसऱ्याकडे वाय. पुढे बॅक एंड हलवलाच तर 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून नवा मार्ग दाखवावा लागतो.

फ्रंट एंड वाटताना व्हॉट्सॲप किंवा मेलने पाठवलात तर विंडोज तिला बाहेरून आलेली समजून आतला कोड अडवतं. प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण करा, किंवा सरळ पेन ड्राइव्हने द्या. आणि फ्रंट एंड शेअर फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांना तिचा शॉर्टकट देऊ नका. कष्ट वाचतात खरे, पण मग वाटणी करून काय मिळवलं?

ज्यांच्याकडे पूर्ण ॲक्सेस नाही त्यांना मायक्रोसॉफ्टचं मोफत 'ॲक्सेस रनटाइम' पुरतं: नोंदी भरता येतात, डिझाईन बदलता येत नाही. भरदिवसा रकाने हलवणाऱ्यांवरही हा परस्पर बंदोबस्त होतो.

१०. घरून उघडायची मागणी आली तर

ती येतेच. कुणीतरी सुचवतं, फाईल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. चालू फाईलसाठी हे अजिबात नको. तिथे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळी प्रत असते, लॉक फाईल एकमेकांना वेळेत दिसत नाही आणि दोघांनी एकदम लिहिलं की एका नावाच्या दोन फाईली उरतात, दोन्हींत अर्धी-अर्धी चलनं. रात्रीचा बॅकअप तिथे जाऊ द्या, तेवढं चालेल.

व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून, थेट फाईल उघडणंही नको. वाय-फायचा जो धोका सांगितला तोच इथे जास्त. साहेबांना होटगी रोडच्या घरून आकडे बघायचेच असतील तर व्हीपीएन लावून रिमोट डेस्कटॉपने त्यांच्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणा. फाईल ऑफिसातच उघडते, घरी फक्त चित्र जातं. त्यासाठी ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. आणि साहेब घरून आत शिरले की तिथे बसलेल्याची स्क्रीन लॉक होते, म्हणून अकाउंट्सचा किंवा डिस्पॅचचा कॉम्प्युटर यासाठी देऊ नका.